कुंपणावरून दिलेली रायफल

नोव्हेंबरातला शेवटचा रविवार उजाडला तेव्हा आर्लिसला फक्त झोपायचं होतं. महिनाभर बर्फाच्या रस्त्यांवरून शाळेची बस हाकून तिची कंबर कामातून गेली होती. थँक्सगिव्हिंगच्या सणाला उरलेल्या टर्कीचं सूप सरपणाच्या शेगडीवर तापत होतं आणि तेसुद्धा गाळायचा तिला कंटाळा आला होता. तिचा बावीस वर्षांचा मुलगा ब्रॅडी मात्र शिकाऱ्यांचं नारिंगी जाकीट घालून, बुटांच्या नाड्या आवळून स्वयंपाकघरात उभा होता. हरणाच्या शिकारीच्या हंगामाचा तो शेवटचा दिवस होता.

"आई, यंदा तरी दे," तो म्हणाला.

काय दे, हे त्यानं सांगितलं नाही आणि तिनं विचारलंही नाही. कोटांच्या कपाटात अगदी मागे उभी असलेली ती लिव्हरची रायफल, घोड्याजवळची लोखंडी कडी, म्हणजे लिव्हर, खाली-वर करून भरायची. दोन हिवाळ्यांपूर्वी ब्रॅडीचा बाप हार्लन ती घेऊन डोंगरावर गेला होता. तो परत आला नाही. रायफल तेवढी आली. शोधायला गेलेल्या लोकांना ती वरच्या कुंपणाला टेकून ठेवलेली सापडली. नळी आभाळाकडे, लिव्हर उघडी, आत एकही काडतूस नाही. ते राहतात त्या दरीत एक माणूस दुसऱ्याच्या हातात रायफल देतो ती अशीच. आधी काडतुसं काढायची, लिव्हर खाली ओढून उघडी ठेवायची, आणि समोरचा "घेतली" म्हणेपर्यंत पकड सोडायची नाही. मग आपण "सोडली" म्हणायचं आणि हात काढायचा. दरीतली पोरं हे शाळेच्या कवितांआधी शिकतात.

हार्लननं ती कोणाला द्यायला उघडली होती, हा प्रश्न गावात कोणी आर्लिससमोर काढला नाही. चांगली माणसं आहेत. पण चर्चमध्ये ती आली की बोलणं थांबायचं.

"म्हातारा मर्ल त्याची दुर्बिणीवाली बंदूक द्यायला तयार आहे," ती म्हणाली. "तीनशे पावलांवरचं हरीण टिपते म्हणे."

"ती काय बंदूक आहे? दवाखान्यातलं यंत्र वाटतं."

हे मात्र तिला पटलं, आणि पटलं म्हणून रागही आला. त्या दरीत प्रत्येक घरात अशी एक जुनी लिव्हरची रायफल असते, आणि ती दुकानातून आणली असं सांगणारा माणूस मिळायचा नाही. कोणाला मरताना मामानं दिलेली असते, कोणी खोगिराच्या बदल्यात घेतलेली असते, एकाला तर आख्खं गवताचं कोठार रचून दिल्याबद्दल मिळाली होती. ज्याला त्याला आपली गोष्ट सांगायची असते, आणि सांगताना हात नकळत मांडीवर असा फिरतो जणू ती तिथंच आडवी ठेवली आहे. चपटी, अरुंद, हलकी. मधोमध एका मुठीत मावते. दिवसभर वागवली तरी खांदा कुरकुरत नाही. लिव्हर खाली-वर केली की जो आवाज येतो, तो ऐकून म्हातारेसुद्धा लहान पोरांसारखे गालात हसतात.

हार्लनच्या घरातली गोष्ट सगळ्यात गमतीची होती. त्याचा बाप ऑर्व्हिल तरुणपणी वरचं कुंपण दुरुस्त करत असताना पलीकडून एक अनोळखी माणूस आला. काही न बोलता त्यानं तारेवरून रायफल पुढे केली, लिव्हर उघडी ठेवून. ऑर्व्हिल सवयीनं म्हणाला, "घेतली." माणूस वळला आणि झाडीत निघून गेला. सणासुदीला टेबलाभोवती ही गोष्ट निघाली की सगळे खो-खो हसायचे. फुकटात मिळाली, लेको! आर्लिसही हसायची. लग्न होऊन नवीन आलेली होती, हसायला पैसे पडत नव्हते.

हार्लन गेल्यावर ती एकदा रायफल तालुक्याच्या दुकानात विकायला घेऊन गेली. दुकानदारानं ती हातात घेतली, लिव्हर एकदा सावकाश ओढली आणि मिटली. तो आवाज ऐकला आणि आर्लिस चक्क म्हणाली, "राहू द्या, विचार बदलला." गाडीत बसून ती रडली. नवऱ्यासाठी नव्हे, हे तिचं तिला कळत होतं. त्या दिवसापासून तिला स्वतःचीच भीती वाटायला लागली होती. कपाटात ठेवताना ती लिव्हर मिटून ठेवायची. पुढच्या वेळी कोट काढायला गेली की ती उघडी असायची. ब्रॅडीवर ती ओरडली, तेव्हा त्यानं बापाची शपथ घेतली. पोरगा खोटं बोलणारा नव्हता. मग तिनं तो विषयच सोडून दिला, दमलेली माणसं सोडतात तसा.

"नाही दिलीस तर मी मर्लकाकाची नेईन," ब्रॅडी म्हणाला. "पण जाणार. आणि वरच जाणार, बाबा गेले तिकडेच."

आर्लिसनं शेगडी विझवली. या पोराला ती डोंगराला देणार नव्हती, आणि त्या रायफलीला तर नाहीच. त्याच्या हातात ती एकदा गेली की त्याची होणार, आणि त्याची झाली की तो तिचा होणार. एवढं तिला कोणी न सांगता कळत होतं.

"मी येते," ती म्हणाली. "रायफल माझ्या हातात राहील. जायच्या वेळीही आणि यायच्या वेळीही. तू हरीण ओढायचंस."

"म्हणजे मी खेचर?"

"खेचर निदान वाद घालत नाही."

तो हसला. हार्लनचं हसू होतं ते, डावीकडे जरा जास्त.

डोंगराच्या पायथ्याच्या फाटकापाशी म्हातारा मर्ल ऑस्टबी आपली पिकअप लावून बसला होता. गुडघे गेल्यापासून तो वर चढत नाही, पण हंगामात तिथं बसून कोण गेलं, कोण आलं, हे बघितल्याशिवाय त्याला करमत नाही. आर्लिसच्या हातातली रायफल बघून त्याच्या भुवया वर गेल्या. त्यानं नुसती टोपी उचलली. आर्लिसनं आपली गाडी त्याच्या शेजारी लावली आणि दोघं चढायला लागले.

तासाभरात बर्फ सुरू झाला. जोराचा नव्हता, पिठासारखा बारीक, सरळ खाली पडणारा. वारा नव्हता. पाइनच्या झाडांमधून पुढे चालणारं ब्रॅडीचं नारिंगी जाकीट तेवढं तिला दिसत होतं. ती त्याच्यामागून चालत होती आणि चालता चालता तिच्या लक्षात आलं की कंबर दुखत नाहीये. रायफल तिच्या मुठीत नीट बसली होती. लोखंड थंड असायला हवं होतं, पण हातमोज्यातून ते कोमट लागत होतं. एक उतार लागला तिथं तिनं ती उगाचच दुसऱ्या हातात घेतली, आणि रिकाम्या हाताला चुकल्यासारखं वाटलं म्हणून परत पहिल्या हातात घेतली. मग तिला स्वतःची शरम वाटली.

वाटेत हरणांचे माग होते, पण सगळे खाली उतरणारे. वर जाणारा एकही नव्हता.

"ब्रॅडी, जरा हळू," तिनं हाक मारली. नारिंगी जाकीट थांबलं नाही, पण दूरही गेलं नाही.

मग कुंपण आलं. चार काटेरी तारा, कुजके खांब. हार्लनची रायफल सापडली होती ते हेच, याच खांबांपैकी एक. नारिंगी जाकीट तारा ओलांडून पलीकडे उभं होतं, बर्फात जरा पुसट, तिच्याकडे तोंड करून. वाट बघत.

आर्लिसनं जे केलं ते लहानपणापासून हजारदा केलेलं होतं. काडतुसं काढून खिशात टाकली. लिव्हर उघडली. एक पाय खालच्या तारेवर ठेवला, आणि विजार काट्याला अडकली म्हणून ती सोडवायला खाली वाकली. वाकल्या वाकल्याच तिनं दुसऱ्या हातानं रायफल तारेवरून पुढे केली. न बघता. बघायची गरज कोणालाच पडत नाही.

रायफलीला पलीकडून हात लागला. ओळखीची, घट्ट पकड.

"घेतली, आई."

"सोडली," ती म्हणाली, आणि सोडली.

विजार काट्यातून सुटली. त्याच वेळी मागून, बरंच खालून, धापा टाकणारा आवाज आला.

"आई! अगं थांब ना! इतकी धावत कुठं चाललीस?"

ती तशीच वाकलेली राहिली.

ब्रॅडी झाडीतून वर आला. जाकिटावर बर्फ, एका बुटाची नाडी अर्धवटच बांधलेली. "मी नाडी बांधायला थांबलो तर तू दिसेनाशीच झालीस. किती हाका मारल्या."

तिनं कुंपणापलीकडे पाहिलं. कोणी नव्हतं. बर्फ कोरा होता. रायफल पडल्याचा खड्डा नव्हता, पाऊल नव्हतं. मागे वाटेवर तिचीच पावलं होती, आणि त्यांच्यावरून आलेली ब्रॅडीची.

"रायफल कुठंय?" त्यानं विचारलं.

"दिली."

"कोणाला?"

तुला, असा शब्द तिच्या ओठांवर आला आणि तिथंच राहिला.

ब्रॅडी तारा ओलांडून गेला, काठीनं बर्फ उकरला, झाडांमागे बघून आला. तो परत अलीकडे येईपर्यंत तिनं श्वास रोखून धरला. आला, तेव्हा तिनं त्याचा दंड पकडला. पकडला तो पकडलाच.

"गेली तर गेली," ती म्हणाली. "चल घरी."

उतरताना तिला हलकं वाटत होतं. खरं सांगायचं तर आनंदच झाला होता. काय होतं, कोण होतं, याचा विचार करायचं त्राण तिच्यात नव्हतं. रायफल गेली, पोरगा राहिला. सौदा वाईट नव्हता. आता घरी जायचं, सूप प्यायचं, आणि सोमवारपर्यंत झोपायचं. ब्रॅडी मात्र दोनदा वाटेत थांबला.

"ही वाट मला नवीनच वाटतेय," तो म्हणाला.

"बर्फामुळे," ती म्हणाली.

थोड्या वेळानं तो म्हणाला, "मला फार थंडी वाजतेय, आई." तिनं आपला मफलर त्याला दिला. त्याच्या दंडावरचा तिचा हात कधी सुटला, ते तिच्या लक्षात आलं नाही.

फाटकापाशी मर्ल अजून बसला होता. त्यानं काच खाली केली, थर्मासच्या झाकणात कॉफी ओतून तिच्यापुढे धरली.

"मिळालं काही?"

"थंडी मिळाली," आर्लिस म्हणाली.

"ब्रॅडीही तेच म्हणाला."

तिनं कॉफी तोंडाला लावली होती, ती तशीच राहिली. "कधी?"

"मघाशीच गेला की. रायफल हातात घेऊन. म्हटलं सोडतो घरापर्यंत, तर म्हणाला नको, आई दमून येईल, ती यायच्या आत शेगडी पेटवून ठेवतो." मर्लनं मान हलवली. "गुणाचं पोर आहे तुझं, आर्लिस. शोभून दिसते हो ती रायफल त्याच्या हातात."

तिच्या शेजारचा मुलगा हसला. "मर्लकाका, सकाळीच बाटली उघडली की काय?"

मर्ल हसला नाही. यानंच ब्रॅडीला ओढ्यावर मासे धरायला शिकवलं होतं. आता त्यानं मुलाकडे नीट पाहिलं, फाटकाशी भेटलेल्या परक्या माणसाकडे बघावं तसं, आणि आदबीनं टोपीच्या कडेला बोट लावलं.

"माफ करा. आपली ओळख नाही झाली. वाट चुकलात का?"

"आई, सांग ना यांना," मुलगा म्हणाला. त्याचा आवाज चिरकला.

आर्लिसनं खाली दरीत पाहिलं. बर्फ थांबला होता. तिच्या घराच्या धुराड्यातून निळसर धूर सरळ वर जात होता. शेगडी चांगली पेटली असणार. तिच्या सगळ्या अंगात एकदम थकवा उतरला, आणि त्या उबेत जाऊन बसावं असं तिला फार वाटलं.

तिनं मुलाकडे पाहिलं. नाक लाल झालेलं, डोळ्यांत पाणी, गळ्यात तिच्या मफलरसारखाच मफलर. कोणाचं तरी पोर होतं बिचारं, एवढ्या थंडीत. तिला त्याची कणव आली. तिनं गाडीचं दार उघडलं.

"चल, बस," ती म्हणाली. "माझा मुलगा घरी वाट बघतोय, पण तुला जाता जाता सोडते. कुठं राहतोस तू?"