तिसरं कुलूप

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. पटत नसेल तर माझ्या मावशीसमोर हसून दाखवा, मग बघा काय होतं ते!

मागच्या वर्षीचा एक रविवार. भर दुपार. हो, दुपार! भुतं काय घड्याळ बघून येतात? पण जागा होती एका नव्याकोऱ्या इमारतीचं तळघरातलं पार्किंग...

तिथे दुपार पोचतच नाही.

मावशी वीज कंपनीत इंजिनीअर. इलेक्ट्रिक गाड्यांचे चार्जर मुख्य लाइनला जोडायचं काम तिच्याकडे. सोबत एक वायरमन. त्याला सगळे पोपट म्हणतात, कारण त्याच्या तोंडाला झाकणच नाही.

या कामात एक नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. आधी मेन स्विच बंद. मग जितकी माणसं तारांना हात लावणार, तितकी कुलपं त्या स्विचला. ज्याचं त्याने लावायचं, ज्याचं त्यानेच काढायचं. कुलूप आहे, म्हणजे माणूस आत आहे.

मावशीने लाल लावलं. पोपटने निळं. स्विचच्या खोलीला बाहेरून टाळं घातलं आणि किल्ली मावशीच्या खिशात.

चार्जर जोडून झाले. टाळं उघडून दोघं खोलीत परतले. पोपटची टकळी चालूच.

"मॅडम, एवढ्या वेळात माझ्या बायकोने मला दोनदा घराबाहेर काढून परत आत..."

आणि तो गप्प झाला.

पोपट. गप्प!

मावशीने टॉर्च वळवला...

स्विचवर तीन कुलपं होती.

"मस्करी करतोस का रे?"

"आईशप्पथ नाही, मॅडम."

तिसरं पितळी होतं. जुनं. मावशीने बोट लावलं... कोमट. कुणीतरी मुठीतून आत्ताच सोडल्यासारखं.

तेवढ्यात इमारतीच्या मॅनेजरचा फोन. "अहो, वर उद्घाटनाच्या गाड्या खोळंबल्यात, पाहुणे माझं डोकं खातायत. सोडा ना सप्लाय!"

"आत माणूस आहे."

"कोण माणूस?"

याला काय सांगणार, कप्पाळ?

दोघांनी अख्खं तळघर पालथं घातलं. चार्जरच्या मागे, गाड्यांच्या जागांत, कोपऱ्यांत. चिटपाखरू नाही.

पोपटने कटर काढला. "कापू?"

"थांब. आधी हाक देते."

सप्लाय सोडण्याआधी हाक द्यायचीच असते. मावशी जोरात ओरडली, "सप्लाय सोडतेय!"



मग जमिनीतल्या केबलच्या चरातून... सावकाश, कामात गढलेल्या माणसाचा आवाज आला.

"थांबा ताई... हात आतच आहे."

पोपट जिना कसा चढला, त्याचं त्यालाच ठाऊक. मावशी नाही पळाली. ती वाकली, चरात टॉर्च मारला. नुसत्या केबल.

"दादा, बाहेर या," ती म्हणाली. थांबली. पुन्हा म्हणाली.

मग कुलपं तशीच ठेवून ती जिना चढली.

मावशीने वर येऊन साफ सांगितलं, मी स्विचला हात लावणार नाही. ऑफिसात साहेबांनी तिला धू धू धुतलं. दुसऱ्या दिवशी दुसरी टीम आली, तिन्ही कुलपं कापली आणि हँडल ओढून सप्लाय सोडला.

चार्जर आजही झकास चालतात. मावशीने चौकशीसुद्धा केली. तिथे कधी कोणी मेलेलं नाही. मरणार कोण? दारांवरचं प्लास्टिकही निघालं नव्हतं!

"मग झालं तर," मी तिला म्हटलं. "काहीच झालं नाही ना!"

मावशीने स्वतःच्या बोटांकडे बघितलं. मग हळूच म्हणाली,

"त्याचा हात... वेळेत निघाला असेल का गं?"