रोज एक पंक्चर

"मकबऱ्याला सायकलवर जायचं तर सातच्या आत निघू," करुणा म्हणाली.

"दिवाळीची सुट्टी आहे, शिक्षा नाही," सुयश जांभई देत म्हणाला.

तनुजा हसली, पण लगेच तिने समोर बोट दाखवलं. करुणाची आई, गीताबाई, गल्लीच्या तोंडाशी सायकल ढकलत परत येत होत्या. पुढचं चाक सपाट झालं होतं. या आठवड्यात हे रोजचंच झालं होतं.

गीताबाई औरंगपुऱ्यातल्या मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करत. आधी त्या शेअर रिक्षाने जात. रिक्षा भरेपर्यंत हलायची नाही आणि हलली की गर्दीत अडकायची. उन्हाळ्यात त्या सायकल शिकल्या. तेव्हापासून अडकलेल्या रिक्षांच्या कडेने पुढे निघायच्या आणि वेळेआधी चूल पेटवायच्या.

"वसतिगृहाच्या बाईंना आत्ता फोन केला. म्हणाल्या, उद्या उशीर झाला तर परवापासून दुसरी बाई ठेवते," गीताबाई म्हणाल्या. "करुणा, आज तुझी सायकल दे. आणि ही विकून टाकू. आपली रिक्षाच बरी."

"आई, आजचा दिवस थांब ना. रोज पंक्चर का होतंय ते आम्ही बघतो."

गीताबाई करुणाच्या सायकलवरून निघून गेल्या.

"मला विचाराल तर पंक्चरवाल्याचाच हात आहे," सुयश म्हणाला. "धंदा वाढवतोय."

तिघं गीताबाईंची सायकल घेऊन सांडूमामांच्या पंक्चरच्या टपरीवर पोहोचले. सुयश अजून तेच बोलत होता. ट्यूब पाण्यात बुडवता बुडवता मामांनी ऐकलं.

"मी रस्त्यावर खिळे पेरतो व्हय रे? हा बघ तुझा खिळा." त्यांनी टायरमधून उपसलेला लांब पांढरा काटा सुयशच्या हातावर ठेवला.

"बाभळीचा," तनुजा म्हणाली. "पण काकूंच्या रस्त्यावर बाभूळ नाहीच."

"मग काटा चालत आला असेल," सुयश पुटपुटला.

"चला, त्या रस्त्याने आपणच चालत जाऊ," करुणा म्हणाली. सुयशने आपली सायकल ढकलत बरोबर घेतली.

उस्मानपुऱ्यातल्या वळणावर ते थबकले. रस्त्याच्या कडेला बारीक काटे विखुरले होते आणि धुळीत ओरखडे उठले होते, कुणीतरी झाडू उलटा ओढल्यासारखे. ओरखडे एका रिकाम्या प्लॉटपर्यंत गेले होते. प्लॉटला भोवताली तारेचं कुंपण होतं, पण फाटकाच्या जागी बाभळीच्या काटेरी फांद्यांचा भारा होता. आत दोन म्हशी रवंथ करत होत्या.

तेवढ्यात मोटारसायकलवरून म्हशींचे मालक पुंजारामकाका आले. त्यांनी भाऱ्याला बांधलेला दोर धरला, भारा फरफटत रस्त्यावर आणला आणि आत शिरले.

"काका, हे काटे रस्त्यावर पडतात," करुणा म्हणाली. "माझ्या आईची सायकल रोज पंक्चर होते."

"काहीतरीच. गावाकडं शेताला आम्ही अशीच काटी लावतो. जनावर बाहेर जात नाय, चोर आत येत नाय. अन मी रोज दोनदा येतो, माझी गाडी कधी पंक्चर झाली नाय."

"तुमच्या गाडीचं टायर जाड आहे आणि तुम्ही मधून येता. सायकलवाले कडेनं जातात."

"पोरं लई शहाणी झालीत," काका हसून म्हशीकडे वळले.

तनुजाने करुणाला कोपर मारलं. "जाऊ दे गं. काकांना सायकल कुठं येते?"

काका गर्रकन वळले. "मला? अगं, मी शाळेला सायकलवर जायचो. डबलसीट."

"मग त्या खांबापर्यंत जाऊन दाखवा. कडेकडेनं."

"माझी सायकल कशाला?" सुयश म्हणाला. पण करुणाने ती काकांच्या हातात दिलीही होती.

काका रुबाबात निघाले. खांबापर्यंत ताठ गेले. परत येताना हँडल डगमगू लागलं, चाक खडखडलं आणि काका पाय टेकून उभे राहिले. त्यांनी टायरमधला काटा उपसला आणि आधी भाऱ्याकडे, मग करुणाकडे बघितलं.

"तुझी आई कामाला जाते ना याच रस्त्यानं?"

"हो. उद्या उशीर झाला तर काम जाईल तिचं."

 काकांनी सुयशची सायकल स्वतः सांडूमामांकडे नेली. येताना बांबू, तार आणि बिजागऱ्या आणल्या. संध्याकाळपर्यंत प्लॉटला बिजागऱ्यांचं फाटक लागलं आणि भारा आतल्या कोपऱ्यात गेला. मुलांनी वळणापासून पुढचा रस्ता झाडून काढला. काकांनी त्यावर चुंबक फिरवावं तशी नजर फिरवली आणि उरलेले काटे हाताने वेचले.

दुसऱ्या सकाळी तिघं वळणावर उभे राहिले. सुयशही आला होता, डोळे चोळत. गीताबाई आल्या. वळणावर त्यांचा वेग कमी झाला.

"ताई, बिनघोर जा," फाटकातून पुंजारामकाका म्हणाले. "लई गुणी पोरं आहेत तुमची. मला सायकलवर बसवून शिकवलं."

गीताबाईंनी पायडल मारलं आणि औरंगपुऱ्याकडे वळल्या. नाक्यावर रिक्षांची रांग लागली होती. त्या कडेने पुढे निघून गेल्या.

संध्याकाळी त्या परतल्या तेव्हा करुणा दारातच होती.

"वेळेवर पोहोचलीस?"

"मी कणीक मळून बसले होते," गीताबाई सायकल भिंतीला लावत म्हणाल्या. "बाईच उशिरा आल्या. त्यांची रिक्षा अडकली होती."