डीआर-अकराचं बियाणं

आमगावजवळ इंद्रकुमार कटरे यांच्या बियाणे गोदामातली सातशे पोती राइस मिलमध्ये भरडली गेली आणि दोष प्रेरणा बिसेनवर आला. भाताच्या बियाण्याची उगवण तीच तपासायची आणि उगवण कमी निघालेली पोती मिलला जायची.

"ताई, मी एक्क्याण्णव टक्के भरले होते," गोंदियात प्रेमिला राहांगडाले यांच्यासमोर बसून ती म्हणाली. "सॉफ्टवेअरमध्ये एकोणचाळीस निघाले. पुढे माझंच नाव. सेठनी मला निलंबित केलं, उद्या पोलिसात जाऊन राहिले."

प्रेमिला खासगी तपास करत. त्यांचे सोबती उदाराम निवृत्त हवालदार होते.

"नाव हिचं, तर काम हिचंच ना?" प्रेरणा गेल्यावर उदाराम म्हणाले.

प्रेमिलांनी गाडीची किल्ली उचलली.

गोदामात कटरे धुमसत होते. "इंद्रधन माझं वाण, मॅडम. पुढच्या हंगामाला दाणा उरला नाही. त्या पोरीला मी जिल्ह्यात नोकरी मिळू देणार नाही."

"पोती मिलला जाताना तुम्हाला कळलं नाही?"

"मी रायपूरला होतो. उगवण ऐंशीच्या खाली भरली की सॉफ्टवेअर मला मेसेज धाडतं. तोही आला नाही."

संगणकाचं काम तिरोड्याचा हिमांशू बघायचा. त्याने कोपऱ्यातलं एक मशीन दाखवलं. "खरी माहिती इथल्या डेटाबेसमध्ये असते. आपण पडद्यावर आकडा भरतो, सॉफ्टवेअर तो एसक्यूएल भाषेत हुकूम करून इथे पोचवतं. हा आकडा गुरुवारी चार वाजून दहा मिनिटांनी बदलला. वेळ डेटाबेस स्वतःच टिपतो."

"बाहेरून इथे शिरता येतं?"

"नाही, फक्त गोदामातून. गुरुवारी मी तिरोड्यालाच होतो. सॉफ्टवेअरची मुदत संपली म्हणून दुपारपासून ते कोणालाच उघडत नव्हतं. सहाला येऊन मी चालू केलं."

शेवटी गोदामपाल आला. "देवानंद दुधराम पटले," त्याने नाव सांगितलं. तो पोत्यांची लेबलं छापत होता.

"गुरुवारी तुमचं काम अडलं असेल."

"काऊन अडन? माझा लेबलवाला प्रोग्राम वेगळा आहे. सीधा डेटाबेसशी बोलते."

लेबलवर इंद्रधनखाली बारीक अक्षरात 'डीआर-११' होतं.

"हे काय?"

"जुनं नाव," म्हणून तो वळला.

प्रेमिलांनी प्रेरणासह सगळ्यांना कार्यालयात बोलावलं.

"आकडा चार-दहाला बदलला. तेव्हा सॉफ्टवेअर बंद होतं. म्हणजे तो प्रेरणाने भरलाच नाही. तिच्याकडे दुसरा रस्ता नाही. मेसेज आला नाही, कारण मेसेज सॉफ्टवेअर पाठवतं आणि हा हुकूम त्याला टाळून थेट डेटाबेसला गेला."

"पण नाव?" उदारामांनी विचारलं.

"तिने एक्क्याण्णव भरले तेव्हाचंच ते. बदलणाऱ्याने फक्त आकड्याला हात लावला. हिमांशू तिरोड्याला, सेठ रायपूरला. गोदामात थेट डेटाबेसशी बोलणारा एकच प्रोग्राम उरतो, लेबलचा. हिमांशू, त्या प्रोग्रामच्या पासवर्डने आकडा बदलता येतो?"

हिमांशूने मान खाली घातली. "येतो. फक्त वाचण्यापुरता द्यायला हवा होता."

"आणि डीआर म्हणजे दुधराम," प्रेमिला देवानंदकडे पाहत म्हणाल्या. "तुमचे वडील."

देवानंदने नजर वळवली नाही. "बारा वर्सं बाबानं एक एक लोंबी निवडली. सेठनं नमुना नेला, सोताच्या नावानं वाण काढलं. बाबा विचाराले आला त गेटवरून हाकलला. त्याच साली गेला तो. मी याच्याच साठी नोकरी धरली इथं."

"हरामखोर!" कटरे उठले. "बियाणं ठेवलं असशील तू. कुठे आहे?"

"नाही ठेवलं. मिलमधून दोन पोती तांदूळ इकत घेतला. परवा बाबाचं श्राद्ध होतं. साऱ्या गावानं त्याचाच भात खाल्ला."

कटरे खुर्चीवर बसले.

देवानंद प्रेरणाकडे वळला. "तुयावर येईन असं वाटलं नव्हतं बाई. तेवढं चुकलं."

प्रेरणाने टेबलावरचा आपल्या निलंबनाचा कागद उचलून कटरेंपुढे ठेवला आणि पेन उघडून त्यांच्या हातात दिलं.