जितेंद्रने घातलेली ओळ

शेकोटीजवळ सरका रे पोट्टेहो. आपल्या कोराडीच्या कॉलनीतला प्रीतम माहीत आहे ना, कॉम्प्युटरवाला? त्याच्यावर बेतलेली गोष्ट आहे. हसायचं असेल तर आताच हसून घ्या.

मागच्या जानेवारीतली, भोगीची रात्र. त्याच्या बायकोला, नंदिनीला, खोकल्याने बेजार केलं होतं. प्रीतमने चौकातून औषध आणून पाजलं आणि तिला आतल्या खोलीत निजवलं.

"तुम्ही बी झोपा न आता," ती म्हणाली.

"येतोच वं. एक काम सकाळपर्यंत पाठवाचं आहे."

काम जितेंद्रचं होतं. जितेंद्र म्हणजे कंपनीतला त्याचा जोडीदार, मोठा कडक माणूस. दिवाळीत अपघातात गेला आणि त्याचं अर्धवट सॉफ्टवेअर प्रीतमच्या गळ्यात पडलं. आता, सॉफ्टवेअर बांधण्याआधी कॉम्प्युटर स्वतःच तपासत जातो, की मशीनवर हे आहे का, ते आहे का. प्रत्येक गोष्टीसाठी एक चिमुकला प्रोग्रॅम करून बघतो. जमला तर 'आहे', नाही जमला तर 'नाही'. जितेंद्रने त्यात एक ओळ घालून ठेवली होती. कंपायलरने, म्हणजे प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्याने, साधी वॉर्निंग दिली, तरी ती चूकच धरायची. म्हणजे एका खड्यापायी अख्खा भात फेकायचा.

त्यामुळे धडधडीत असलेल्या गोष्टींनाही 'नाही' येत होतं. घड्याळ? नाही. नेटवर्क? नाही. प्रीतम वैतागला.

"मेल्यावरबी छळून राहिला बे," तो पुटपुटला.

हे बोलायला नको होतं.

स्क्रीनवर उमटलेल्या पुढच्या ओळी त्याने कधी पाहिल्या नव्हत्या, जितेंद्रनेही लिहिल्या नव्हत्या.

'खिडकी… नाही.'

'दार… नाही.'

दार तर समोरच होतं. प्रीतम हसला.

'नंदिनी…'

आतला खोकला थांबला.

"नंदिनी?"

…

"ए नंदिनी… बोल न वं."

उठून जावं, तर तेवढ्यात 'नाही' उमटलं तर? त्याने जितेंद्रची ओळ शोधली. पुसली.

'नंदिनी… आहे.'

आत ती खोकली. प्रीतमच्या डोळ्यांत पाणी आलं. खोकला ऐकून इतका आनंद त्याला कधी झाला नव्हता.

पण तपासणी थांबली नव्हती. आणि आता कशालाच 'नाही' म्हणणारं काही उरलं नव्हतं.

'जितेंद्र…'

…

'आहे.'

मागची खुर्ची करकरली.

प्रीतम वळला नाही. ओळ परत घालावी… पण मग नंदिनी?

तो तसाच बसला. उजाडेपर्यंत.

ती ओळ त्याने आजवर परत घातलेली नाही. कशी घालणार? नंदिनी ठणठणीत आहे, परवाच भेटली. बाकी, आपल्याकडे वीज केंद्राच्या चिमण्यांतून रातभर बारीक राख येते, सकाळी सगळ्या सामानावर थर असतो, हे तुम्हाला काय सांगायचं. त्या खुर्चीवरही असतो. मी स्वतः जाऊन पाहिलं. पाठीवर राख… हातांवर राख…

बसायची जागा तेवढी स्वच्छ.