दुसऱ्या उकळीचा चोथा

“चोथा फेकू नका, मॅडम... मले द्या.”

तुमसरच्या माझ्या कॉफीच्या दुकानात लोक काय काय मागतात! पंख्याखालची खुर्ची, वायफायचा पासवर्ड, एकदा तर माझा नंबर. पण वापरून झालेला चोथा मागणारा हा पहिलाच. हातात स्टीलचा डबा, चष्म्यावर पावसाचे थेंब आणि चेहरा इतका गंभीर, की मला हसू आवरेना.

“काहून? झाडाले टाकता का?”

“नाही... दारू बनवतो.”

माझ्या हातातली गाळणी पडता पडता राहिली.

मग त्याने घाईघाईने सगळं सांगितलं. नाव चंद्रकुमार, घर गोसीखुर्द धरणाकडे, कॉलेजात एम.एस्सी.ला. चोथा गरम पाण्यात मुरवायचा, त्या पाण्यात साखर आणि यीस्ट घालून आंबवायचं, मग वाफ करून थेंब थेंब उतरवायचं. “कॉलेजले परवानगी हाय. मोहफुलाची होते, तर कॉफीची काहून नाही?”

“अन् पिणार कोण? तुमी?”

“छे! मी फक्त वास घेतो,” म्हणाला आणि लाजला. बाई गं, चक्क लाजला! तिथंच माझी विकेट पडली.

रोज पाचला यायचा. डबा देता-घेता बोटं लागायची, आणि आम्ही दोघंही उगाच डब्याकडे बघत राहायचो. प्रयोग मात्र दर वेळी फसायचा. “आंबते बराबर... पण कॉफीचा वासच येत नाही. नुसती साखरेची दारू!”

दोन महिन्यांनी, एका गुरुवारी, तो डब्याशिवाय आला.

“सर म्हणतात, विषय सोड. सोमवारी घरी चाललो. बाबासंग धरणावर मासे पकडीन.”

मी उगाच काउंटर पुसायला घेतलं. कारण तो वास कुठं जातो, ते मला ठाऊक होतं. माझी कोल्ड कॉफी गावात नावाजलेली. ती मी सकाळचाच चोथा दुसऱ्यांदा उकळून करते. हे आईलासुद्धा माहीत नाही. बोलले तर दुकानाचं नाव जाणार. आणि खरं सांगू? प्रयोग साधला तर तो यायचा थांबेल, म्हणूनही मी गप्प होते.

“थांब,” मी म्हणाले. ‘तुमी’चं ‘तू’ कधी झालं, कळलंच नाही. “चूक माही हाय. मी तुले दोनदा उकळलेला चोथा देऊन राहिली होती.”

तो बघतच राहिला. “म्हणजे... ते कोल्ड कॉफी?”

“त्याचीच.”

“मी रोज मित्रायले पाजतो ते!”

“सांगून टाक सगळ्यायले. पण... जाऊ नको.”

त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला.

“स्टेशनजवळच्या दुकानातही चोथा भेटते, रेणू. सर महिनाभर म्हणून राहिले, दुकान बदलून पाय. मी नाही बदललं.”

“काहून?”

“तिथं तू नाही ना—”

म्हणजे आम्ही दोघांनी मिळून त्या बिचाऱ्या प्रयोगाचं वाटोळं केलं होतं! मला एकदम हसू आलं आणि डोळेही भरून आले. मी फिल्टरला ताजी पूड लावली. कॉफी उतरेपर्यंत त्याने घरी फोन लावला आणि सोमवारी येत नाही म्हणून सांगितलं. त्या दिवशी मी कुणालाच कोल्ड कॉफी दिली नाही.