अंगठ्याची पोच

बसा पोरांनो. शटर अर्धं ओढलंय, वारा लागणार नाही.

पत्राचे कागद मी एकेकाळी गठ्ठ्याने विकले. आता त्यांना गिऱ्हाईक एकच, वाळवी! म्हणून आमचा पोस्टमन, लांब्या त्याचं नाव, हाताने लिहिलेलं काही आलं की आधी मला दाखवायचा. बाकी थैलीत बँकेची छापील पाकिटं.

"शेठ, बघा, माणसाचं अक्षर!"

ते अक्षर नेहमी एकाचंच. मागच्या गल्लीतल्या शिवणवाल्या आजीच्या मुलाचं. आजीला वाचता येत नव्हतं, ऐकूही कमी यायचं; फोन कुचकामी. लांब्या तिच्या कानाशी तोंड नेऊन पत्र वाचायचा. पत्र रजिस्टर असायचं, म्हणून ती पोचेवर निळ्या शाईचा अंगठा उठवायची. सुया टोचून चाळण झालेला अंगठा.

पण मुलगा लिहायचा काय? "घर माझ्या नावावर कर. नाहीतर मेलीस तरी येणार नाही." लांब्याला ते वाचवेना. तो वाचायचा, "आई, जपून राहा." म्हातारी खूश.

मी म्हटलं, "अरे, तू पोस्टमन की नाटक कंपनी?"

"जातंय काय आपलं, शेठ?" म्हणाला. आणि एकदा पदरचं जरा जास्तच घातलं: "शनिवारी न्यायला येतो."

म्हातारी ट्रंक भरून शनिवारी रात्रभर पायरीवर बसली. कडाक्याच्या थंडीत. सकाळी शेजारीण हाक मारायला गेली, तर संपलेली.

मुलाचा पत्ता एकट्या लांब्याला ठाऊक, म्हणून कळवायचं त्यानेच. त्याचा धीर होईना. महिन्याने पुन्हा पत्र आलं. रीत अशी, की 'मयत' शेरा मारून परत पाठवायचं. याने म्हातारीच्या कुलूपबंद दाराखालून पत्र आत सरकवलं आणि पोचेवर स्वतःचाच अंगठा मारला. मिटलं, म्हणाला.

मग आला गेल्या जानेवारीतला दुसरा शनिवार. रात्रीचे सव्वाबारा. वीज गेलेली, बायको माहेरी. लांब्या घरात एकटा.

दाराखाली काहीतरी खसपसलं.

त्याने टॉर्च मारला. तेच पत्र... फोडलेलं.

"कोण आहे?"

दाराला कडी तशीच. आणि मागून, अगदी जवळून...

"वाचून दाखव."

टॉर्च विझला. मग आपोआप लागला, नुसता कागदापुरता. लांब्याने तोंड उघडलं. सवयीने म्हणाला, "आई, जपून..."

"लिहिलंय तसं वाच, मेल्या."

त्याच्या ओठांना काहीतरी टेकलं. गार. कान होता तो.

तो वाचू लागला. घराचं वाचलं. शिव्या वाचल्या. शेवटची ओळ उरली.

"वाच."

"मेलीस... तरी... येणार नाही."





मग ती म्हणाली, "पोच राहिली."

सकाळी लांब्या या इथे, या स्टुलावर येऊन बसला. गळ्याला मफलर. बोलला हे सगळं, पण घोगऱ्या आवाजात, थांबत थांबत. मी म्हटलं, "स्वप्न पडलं असेल रे."

त्याने मफलर सोडला.

गळ्याच्या घाटीवर निळा अंगठा. साबणाने घासून घासून कातडी लाल झालेली, निळं मात्र तसंच. मी दुकानातलं, रबरी शिक्के तपासायचं भिंग काढलं आणि पाहिलं.

अंगठ्याच्या रेषांत मधोमध, सुईच्या टोकाएवढी... भोकंच भोकं.