तिसरा नारळ

पडद्यावर देव प्रगटला. त्याला तोंड कुत्र्याचं होतं. 'देव आला!' असा गलका झाला आणि त्याच क्षणी केशरबाईंनी पुढच्या दगडावर फाडकन नारळ फोडला.

पाणी उडालं ते थेट शेजारच्या मुलीच्या तोंडावर.

"भिजलीस व्हय गं? पुसू नगंस, तीर्थ हाय."

"न्हाय पुसत, मावशी," तारामती हसू दाबत म्हणाली.

फिरत्या सिनेमाच्या तंबूच्या मधोमध दोर बांधला होता. अलीकडं बायका, पलीकडं पुरुष. त्या दोराच्या पलीकडून एक दबका, कासावीस आवाज आला.

"आई, नारळ कशाला फोडलास? ह्यो आपला देव न्हाय. ह्येला तोंड कुत्र्याचं हाय."

"मग कुणाचा हाय?"

"परदेशातला. इजिप्त म्हणून मुलूख हाय तिकडं."

"असंना. देव हाय का न्हाय?"

"...हाय."

"मग झालं. कुत्र्याचं तोंड म्हणतोस, म्हंजी खंडोबाच्या दारचाच कुणीतरी असंल."

आता मात्र तारामतीला हसू आवरेना. पदर तोंडात कोंबून तिनं आवाजाच्या दिशेनं पाहिलं. पडद्याचा निळसर उजेड एका तरुण चेहऱ्यावर पडला होता. घामानं डबडबलेला... आणि तिच्याकडंच बघणारा.

तो श्रीपती. गावच्या दूध संस्थेचा सेक्रेटरी, केशरबाईंचा एकुलता एक. दुष्काळात बंद पडलेला हरिनाम सप्ताह पाऊसपाणी झाल्यावर यंदा पुन्हा उभा राहिला होता. गाव पांडुरंगाचे उपकार मानत सात दिवस भजनात न्हालं होतं. सांगतेच्या संध्याकाळी संस्थेतर्फे देवादिकांचा पिक्चर दाखवायचा, ही कल्पना श्रीपतीची. तंबूवाला म्हणाला, "देवांचं महायुद्ध हाय, साहेब, लई गाजलेलं." बोर्डावर सोन्याचे महाल होते, हजार घोडे होते. श्रीपतीनं नमस्कार करून बयाणा दिला. कुठले देव, हे विचारायचं त्याला सुचलंच नाही. देव म्हटल्यावर गावात असं कोण विचारतं?

म्हणून तर परंड्यापासून माणसं आली होती. चपला बाहेर काढून, हळदकुंकवाची ताटं घेऊन बसली होती. आणि पडद्यावर बघावं तर महाल पुठ्ठ्याचा, हजार घोड्यांचे जेमतेम तीन, त्यातही एकच पांढरं घोडं परतपरत येत होतं. भाषा इंग्रजी. राजाचं तोंड हिरवंगार. त्याच्या भावाला गाढवाचे कान. अन् एकच डोंगर दोनदा कोसळला.

"गेल्या खेपंला पडला की ह्यो!" मागून कुणीतरी ओरडलं.

"राजाला कावीळ झालीया, पण उलटी!"

शिट्ट्या सुरू झाल्या. पुढं बसलेले संस्थेचे चेअरमन हिंमतराव वळले. "शिरपा, सप्त्याची सांगता हाय का तमाशा? गाव देव बघाया आलंय!"

श्रीपतीची मान खाली गेली. आणि नेमकं तेव्हाच मोतीबिंदूनं डोळे गेलेल्या केशरबाईंनी विचारलं, "काय चाललंय रं?"

"मारामारी, आई."

"आन् आता?"

"...मारामारीच."

"अरं पण एवढे मोठे देव, मारामारी कशापायी करतेत?"

पलीकडं श्रीपती शिट्ट्या मारणाऱ्यांना हातानं आवरत होता. केशरबाई हिरमुसल्या. फोडलेला नारळ त्यांनी पदरात झाकून घेतला, जणू चुकीच्या दारात जाऊन आल्या होत्या.

ते तारामतीला बघवेना.

"मावशी," पडद्यावरच्या हालचालींवरून अंदाज बांधत ती हळूच म्हणाली, "बायकोपायी."

"काय म्हणालीस?"

"ह्यो हिरवा राजा लई भला. रयतेला पेरायला शिकवणारा. सख्ख्या भावानं त्येचा घात केला. आता त्येची राणी त्येला शोधाया निघालीया... अनवाणी."

तारामती ज्ञानोबाबुवांची लेक; सप्त्यासाठी बापलेक गावातल्या तिच्या आत्याकडं उतरले होते. सात दिवस बुवांचं कीर्तन चाललं होतं, आणि बायकांत बसून चाल उचलणारा तिचा आवाज सगळ्या गावानं ऐकला होता. पण बोलताना तिला कुणी ऐकलं नव्हतं. आणि पुढं ऐकणारही नव्हतं. बार्शीचं एक स्थळ चालून आलं होतं. घर भरलेलं, मुलगा नोकरीचा. फक्त त्यांचा निरोप होता, 'गाणंबिणं आमच्यात चालायचं न्हाय.' बुवा परवा होकार कळवणार होते. बापाला त्रास नको म्हणून तारामती गप्प होती.

आता मात्र ती गप्प राहीना. सांगता सांगता तिचा आवाज चढला. आजूबाजूच्या बायका सरकून जवळ आल्या. पुरुषांतून कुणीतरी म्हणालं, "जोरात सांग की, पोरी!"

मग तिनं बापाकडं पाहिलं. बुवा पहिल्या रांगेत होते. ते वळले नाहीत. नुसते हात वर करून त्यांनी एक टाळी वाजवली... विठ्ठल!

आणि तारामती उभी राहिली.

पिक्चरात जे नव्हतं, तेही तिनं घातलं. पडद्यावर राणी नदीकाठानं पळत होती. तारामतीनं तिला झाडाझाडाला नवऱ्याचा ठाव विचारायला लावला. कुत्र्याच्या तोंडाचा देव आला, तर तो राजाच्या कुडीपाशी राखण बसलेला इमानी सेवक झाला. मध्येच तिनं नामाचा गजर धरला, आणि सगळा तंबू टाळ्यांवर डोलू लागला. शेवटी राजा डोळे उघडतो, तिथं हिंमतरावांनीच उपरण्यानं डोळे पुसले. पिक्चर तसाच भिकार राहिला. पण त्याच्याकडं बघत होतं कोण?

दिवे लागले. दोरावरून एक हात पुढं आला. हातात खोबऱ्याचा तुकडा.

"परसाद," श्रीपती म्हणाला. "आज तुमी माझी लाज राखली."

"मी कुठं? त्या कुत्र्याच्या तोंडाच्या देवानं राखली."

"त्येला तोंड होतं, पण बोलत तुमी होता."

तिनं तुकडा घेतला. बोटाला बोट लागलं... का नाही लागलं? ती रात्रभर तेच ठरवत होती.

सकाळी आत्याच्या दुधाची किटली घेऊन ती मुद्दाम स्वतः संस्थेत गेली. श्रीपतीनं दुधात काचेची नळी सोडली, डोळे बारीक केले.

"पाणी दिसतंय ह्यात."

"दूधच हाय ते. पाणी काल माझ्या तोंडावर उडालं, त्येचं काय करता?"

तो हसला. नळी धरलेला हात तसाच राहिला. मागं रांग खोळंबली.

"शिरपा, दूध नासतंय!" धुरपताबाई मागून ओरडली. "बघायचं तर आधी माप घे!"

रांग हटल्यावर तो बाहेर आला. बाभळीखाली ती रिकामी किटली उगाच हलवत उभी होती.

"आई रातभर तुमचं सांगणं घोळवत होती. डोळे गेल्यापासून तिला इतकं दिसलंच नव्हतं." तो थांबला. "बार्शीचं... पक्कं हाय व्हय?"

"उद्या कळवणार हाईत."

"माझं घर भरलेलं न्हाय. दोन म्हशी, आई, आन् संस्थेची ही नोकरी."

"मी काय विचारलं का?"

"न्हाय विचारलं. पण..."

"मला एकच विचारायचंय." किटली हलायची थांबली. "तुमच्या घरी सुनेनं उभं राहून बोललेलं चालंल?"

"चालंल म्हंजी? तुमी उभ्या राहा, मी मागं टाळ धरतो."

"टाळ येतो?"

"...न्हाय."

ती इतक्या मोठ्यानं हसली की आतली धुरपताबाई बाहेर डोकावली.

संध्याकाळी केशरबाई काठी टेकत बुवांच्या बिऱ्हाडी आल्या. मागून श्रीपती, शाळेतल्या पोरासारखा. त्यांनी श्रीपतीसाठी तारामतीला मागणी घातली, तशी बुवांनी हातातले टाळ खाली ठेवले. तारामती दाराआड उभी. 

"तारा," बुवांनी हाक मारली. "काल माझी लेक बोलली, तवा मला कळलं की मी काय बंद कराया निघालो होतो. तुझ्या मनात काय हाय?"

ती बाहेर आली. श्रीपतीकडं न बघता म्हणाली, "त्येनला टाळ शिकवावा लागंल, आप्पा."

बुवा खळखळून हसले. बार्शीला नकार गेला.

लग्न माघात झालं. देवकाच्या दिवशी केशरबाईंनी पाटावर तीन नारळ मांडले. एक तुळजाभवानीचा, एक खंडोबाचा.

"आन् ह्यो तिसरा कुणाचा, आत्याबाई?" तारामतीनं विचारलं.

केशरबाईंनी तिसऱ्या नारळाला चाचपून कुंकू लावलं, हात जोडले.

"त्येचा. परदेशातल्याचा. नाव म्हाईत न्हाय मला, पर सून त्येनंच दिली. उपकार इसरायचे न्हाईत."

पुढं तारामतीबाईंची कीर्तनं पंचक्रोशीत गाजली. मागं टाळकऱ्यांत श्रीपती असायचाच. त्याचा टाळ कायम अर्ध्या मात्रेनं मागं पडायचा. लोक हसायचे. ती मात्र दर वेळी त्या अर्ध्या मात्रेपुरती थांबायची... तो येईपर्यंत.